तगाई : शब्द, पद्धति आणि तिचा अधिकारी

१

मराठी दप्तरांतील आज्ञापत्रें, जमाखर्च व वसूलबाकीचे कागद चाळणारास 'तगाई' हा शब्द पावलोपावलीं भेटतो. शब्द इतका परिचयाचा आहे कीं, त्याचा अर्थ निराळा सांगण्याची आवश्यकता कोणास वाटत नाहीं. सरकारनें रयतेस दिलेली मदत म्हणजे तगाई, एवढ्यावर वाचक संतुष्ट होतो व पुढच्या ओळीकडे वळतो. परंतु सरकारनें रयतेस करावयाची मदत ही एकाच प्रकारची नसे. तिचे चार पांच प्रकार होते, त्यांस स्वतंत्र नांवें होतीं, व प्रत्येक प्रकाराचा खजिन्यावर आणि कुळावर होणारा परिणाम वेगळा असे. हे प्रकार एकत्र मिसळले म्हणजे एखाद्या राजवटीस नसती उदारता चिकटते किंवा दुसऱ्या राजवटीवर नसता कृपणतेचा आरोप येतो. म्हणून प्रस्तुत लेखांत प्रथम या शब्दांची फोड करून, नंतर कोंकणांतील प्रभावळी मामल्यास उद्देशून निघालेल्या एका आज्ञापत्राच्या आधारें ही पद्धति शिवकालीं कशी योजिली होती तें दाखविण्याचें, व त्यापुढें ती कसकशी पालटत गेली याचा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. या सर्व विवेचनांत एक प्रश्न आम्ही मुख्य धरला आहे. तो असा कीं, सरकारी मदतीस पात्र असा 'शेतकरी' कोण, हें कोणत्या खुणेवरून ठरविलें जात असे?

प्रथम शब्दांचा विचार करूं. तगाई म्हणजे पेरणी, बैल, नांगर, बीं, पोटगी, विहीर किंवा बांध यांकरितां सरकारांतून दिलेलें कर्ज. यांत पैका किंवा धान्य खजिन्यांतून व कोठारांतून बाहेर जातें व पुढें परत यावयाचें असतें. सूट म्हणजे येणाऱ्या साऱ्यापैकीं कांहीं भाग न घेणें. यांत खजिन्यांतून कांहीं बाहेर जात नाहीं, परंतु यावयाचें तें येत नाहीं. तहकुबी म्हणजे तोच सारा यंदां न घेतां पुढें घेणें. इस्तावा म्हणजे पडीत जमीन लागवडीस आणणारावर पहिल्या वर्षीं अगदीं हलका सारा बसवून तो वर्षानुवर्ष चढवीत ठराविक मुदतीनें पुऱ्या आकारास नेणें. व या अटींचा जो लेखी करार, तो कौल. इनाम म्हणजे जमिनीचें किंवा तिच्या उत्पन्नाचें कायमचें दान. आज ज्यास 'अनुदान' म्हणतात, म्हणजे जो पैसा खजिन्यांतून जातो पण परत यावयाचा नसतो, परंतु जमिनीचा हक्कहि ज्यांत दिला जात नाहीं, त्यास या जुन्या कोष्टकांत नेमकें घर नाहीं. त्याचें सर्वांत जवळचें नातें तगाईशीं आहे; कारण बुडालेली तगाई पुढें माफ झाली म्हणजे तिचें रूप व्यवहारांत अनुदानाचेंच होई.

२

तगाई हा शब्द मूळचा अरबी. 'तकावी' हें त्याचें मूळ रूप असून त्याचा धातु बळ या अर्थाचा आहे. 'कुवत' हा आपल्या नित्याच्या वापरांतील शब्दहि त्याच धातूपासून निघाला आहे. तकावी म्हणजे बळ देणें. मराठींत 'तगणें' म्हणजे टिकाव धरणें असें क्रियापद असल्यामुळें तगाई म्हणजे कुळास तगविणारी मदत, असा अर्थ सहज मनांत उभा राहतो व तो व्यवहारास शोभतोहि. परंतु व्युत्पत्तीच्या दृष्टीनें हे दोन शब्द वेगळे समजले पाहिजेत.

शब्दाबरोबर पद्धतिहि मुसलमानी अमदानींतील महसुली व्यवस्थेंतून आपल्याकडे परिचित झाली. अकबराच्या राज्यव्यवस्थेचें वर्णन करणाऱ्या 'आईन-ई-अकबरी' या अबुल फजलच्या ग्रंथांत महसुली अधिकाऱ्याच्या कर्तव्यांमध्यें, गरजू शेतकऱ्यास पैका उसना देऊन तो सावकाश वसूल करावा, असें कर्तव्य सांगितलें आहे. यावरून ही कल्पना कोणा एका राजाची किंवा एका प्रांताची नव्हती, हें उघड आहे. जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या प्रत्येक राज्यास आपलें उत्पन्न ज्या नांगरावर अवलंबून आहे तो नांगर चालता ठेवणें भाग असे. तेव्हां तगाई दिली एवढ्यावरून राज्य दयाळू होतें असें अनुमान काढतां येत नाहीं. ती कोणत्या अटींवर दिली, कोणास दिली, व परत कशी घेतली, याकडे पाहिलें म्हणजेच राज्याराज्यांतला फरक दिसून येतो.

३

या दृष्टीनें शिवाजी महाराजांचें ५ सप्टेंबर १६७६ चें आज्ञापत्र फार महत्त्वाचें आहे. तें मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें आहे. प्रभावळीचें ठाणें म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या लांजे तालुक्यांतील प्रभानवल्ली हें सह्याद्रीच्या पायथ्याचें गांव. संगमेश्वर, राजापूर या बाजूचा मुलूख इ. स. १६६१ च्या स्वारींत महाराजांच्या हातीं आला. डोंगरउताराची जमीन, भात व नाचणीवरी यांचें पीक, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत हातचा बैल गेला तर सारें वर्ष वायां जावयाचें, अशी या प्रदेशाची स्थिति. राज्याभिषेकास दोन वर्षें झालेलीं, कर्नाटकची मोठी स्वारी तोंडावर आलेली, अशा समयीं एका दूरच्या मामल्यांतील कुणब्यांच्या बैलांविषयीं हें पत्र निघालें आहे.

पत्राचा आशय थोडक्यांत असा. सुभेदारानें गांवोगांव स्वतः फिरावें. गांवांत गेल्यावर कुणबी गोळा करावे व कोणापाशीं किती माणूसबळ आहे, किती बैल आहेत, याचा तपास करावा. ज्याच्या अंगांत शेत करण्याची कुवत आहे, माणसें आहेत, परंतु जोतास बैल नाहींत, नांगर नाहीं किंवा पोटास दाणा नाहीं व त्यामुळें जो अडून पडला आहे, त्यास रोख पैसा देऊन दोन चार बैल घेववावे, पोटासाठीं खंडी दोन खंडी धान्य द्यावें, व त्याच्यानें होईल तितकें शेत करवावें. पुढें बैलांचे व धान्याचे पैसे घेतांना वाढीदिडी करूं नये. मुद्दल तेवढें, तेंहि हळूहळू, त्याची शक्ति येईल तसतसें घ्यावें. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो आपणांस मान्य आहे. ज्या कुळावर मागील बाकी आहे व जें तीपायीं मोडून जाण्याच्या बेतास आलें आहे, त्याची हकीकत कळवावी, म्हणजे माफीचा विचार होईल.

यांतील प्रत्येक कलम बारकाईनें पाहण्यासारखें आहे. 'वाढीदिडी' हा शब्द सावकारी व्यवहारांतला. धान्य उसनें नेऊन पुढच्या सुगीस सव्वापट परत करणें ती सवाई, व दीडपट परत करणें ती दिडी. म्हणजे चार सहा महिन्यांत शेंकडा ५० वाढ. पेरणीच्या वेळीं धान्य महाग व सुगीस स्वस्त, हा भावांतील फरक विचारांत घेऊनहि ही वाढ कुळास उठूं देणारी नव्हती. तेव्हां सरकारनें व्याज सोडणें हा केवळ औदार्याचा प्रश्न नव्हता; कुळास सावकाराच्या फेऱ्यांतून बाहेर काढण्याचा तो एक मार्ग होता. सरकारनेंहि दिडीच घेतली असती तर कुळाच्या दृष्टीनें सरकार हा एक जास्त सावकार झाला असता, इतकेंच.

दुसरें कलम रकमेचें. लारी म्हणजे चांदीच्या तारेचें दुमडलेलें नाणें. इराणांतील लार शहरावरून त्यास हें नांव पडलें; विजापूरच्या आदिलशाहींतहि तीं पाडलीं जात व कोंकणच्या बंदरपट्टींत तीं चालत. खर्चाची मर्यादा या नाण्यांत सांगितली आहे, यावरून ही आज्ञा सामान्य उपदेशाची नसून त्या मामल्याच्या व्यवहारांतील नाण्यांत हिशेब करून दिलेली मंजुरी होती, हें दिसतें. उपदेशास आंकडा लागत नाहीं; मंजुरीस लागतो.

तिसरें व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें कलम पात्रतेचें. पत्रांत तगाईस पात्र ठरण्यासाठीं जमिनीचा हक्क विचारलेला नाहीं. मिरासपत्र आहे काय, तारण काय देतोस, जामीन कोण, असें विचारण्याऐवजीं, शेत करण्याची ताकद आहे काय व ती कशावांचून अडली आहे, एवढेंच पहावयास सांगितलें आहे. पात्रतेची खूण कागदावर नसून माणसाच्या अंगीं आहे. आणि म्हणूनच सुभेदारानें गांवांत जाऊन ती डोळ्यांनीं पाहण्याची आवश्यकता उत्पन्न होते. गांवोगांव फिरण्याची आज्ञा व पात्रतेची ही व्याख्या यांचा असा परस्परसंबंध आहे. हेंच धोरण जिंजी येथें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत लिहिलेल्या सभासदाच्या बखरींतहि सांगितलें आहे. नवीन येणाऱ्या रयतेस गुरें, बियाणें व पोटास धान्य द्यावें आणि तो ऐवज पुढें दोन चार वर्षांनीं तिची ऐपत पाहून घ्यावा, असा तिचा भावार्थ आहे. पिकाच्या पांच भागांपैकीं तीन रयतेस व दोन सरकारांत, ही वांटणीहि त्याच बखरींत दिली आहे. वांटणी पिकाची असल्यामुळें जितकें शेत जास्त पिकेल तितका सरकारचा भाग वाढे, व बैलावर केलेला खर्च अशा रीतीनें दुसऱ्या वाटेनें परत येई. व्याज न घेण्यामागें हाहि हिशेब असला पाहिजे.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. आज्ञापत्र हें इच्छेचें प्रमाण आहे, अंमलबजावणीचें नव्हे. आज्ञा उत्तम निघाली म्हणून प्रत्येक कुणब्याच्या गोठ्यांत बैल पोंचला, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. उलट, त्याच पत्रांत सुभेदारास लोभापासून दूर राहण्याची जी निक्षून ताकीद आहे, तिच्यावरून अशा व्यवहारांत मध्येंच गळती होण्याचें भय राज्यकर्त्यास पुरेपूर ठाऊक होतें, असेंच म्हणावें लागतें. पत्राचें मोल त्यांतील व्याख्येंत आहे.

४

पेशवाईंत ही पद्धति अधिक लेखी व अधिक नियमबद्ध झालेली दिसते. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिशींत आणि रा. ब. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं इ. स. १९३० ते १९३४ या काळांत ४५ भागांत प्रसिद्ध झालेल्या पेशवे दप्तरांतील निवडक कागदांत महसुली व्यवहाराची जी सामग्री आहे, तिच्यावरून या काळची व्यवस्था समजून घेतां येते. हुजूर दप्तरांतून मामलेदारास वर्षाचा आजमास व बेहेडा मिळे. त्यांत जमेची अपेक्षा व मंजूर खर्च यांचीं कलमें असत. तगाई द्यावयाची ती मामलेदारानें द्यावी, ती पाटलाच्या मार्फत कुळास पोंचावी, कुळकर्ण्यानें लिहून ठेवावी, व वसूल साऱ्याबरोबर व्हावा, असा सामान्य क्रम होता. पाटील हा केवळ वाटपाचा दुवा नव्हता. गांवच्या वतीनें जबाबदारीहि त्याच्याच शिरीं येई. त्यामुळें एक कूळ पळालें तर त्याचा भार सबंध गांवावर पडण्याचा संभव असे, आणि म्हणून कोणास तगाई द्यावी याविषयीं गांवचा शब्द महत्त्वाचा ठरे.

या व्यवस्थेचें मर्म समजण्यासाठीं मिरासदार व उपरी हा भेद लक्षांत घेतला पाहिजे. मिरासदार हा वंशपरंपरेचा हक्कदार. तो दुष्काळांत गांव सोडून गेला तरी परत येऊन आपली जमीन मागूं शके. उपरी हा बाहेरून आलेला; त्याचा हक्क कौलाच्या मुदतीपुरता. मिरासदारास जमिनीची ओढ होती. उपऱ्यास आणावयाचें व टिकवावयाचें तर त्यास कांहीं देणें भाग होतें. इस्तावा आणि तगाई यांची जोडी येथें कामास येई. स्वाऱ्या, दुष्काळ व रोगराई यांनीं ओस पडलेल्या गांवांची वसाहत करतांना मामलेदार प्रथम कौल देई, सारा हलका करी, व बैलबियाण्यास तगाई देई. खडकाळ किंवा खारी जमीन लागवडीस आणणारास कांहीं ठिकाणीं तिचा भाग इनाम व उरलेल्या भागास पुष्कळ वर्षांची माफी, अशाहि सवलती असत.

हें सर्व कां शक्य होतें ? कारण त्या काळीं जमीन पुष्कळ व हात थोडे होते. एका जहागिरींतलें कूळ त्रासलें तर तें दुसऱ्या जहागिरींत जाई, व तेथें त्यास कौल देणारा मामलेदार तयारच असे. कुळाच्या पळून जाण्याच्या या शक्तींतच त्याचें संरक्षण होतें. राज्यास दुर्मिळ वस्तु माणूस ही होती, म्हणून मदत माणसाकडे पाहून दिली जाई.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती इजाऱ्यानें, म्हणजे जास्त बोलीनें, देण्याचा प्रघात वाढला, तेव्हां या पद्धतीचा पाया ढांसळला. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं इ. स. १८१९ मध्यें जो अहवाल लिहिला, त्यांत या इजाऱ्याच्या दुष्परिणामांचें वर्णन आहे. ज्या इजारदाराचा मक्ता पुढच्या वर्षीं राहील कीं नाहीं याची शाश्वती नाहीं, तो दोन चार वर्षांनीं फळणारी तगाई काय म्हणून देईल ? तगाईस अधिकाऱ्याच्या दयाळूपणापेक्षां त्याच्या अंमलाचें स्थैर्य अधिक लागतें.

५

इंग्रजी अंमलांत दख्खनच्या जमिनीची पाहणी नव्यानें झाली. इ. स. १८३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी पद्धति बसविली, तिच्यांत प्रत्येक शेताचा नंबर, त्याचा ठराविक आकार व त्याचा खातेदार निश्चित झाला. गांवची सामुदायिक जबाबदारी मावळली; सरकार व खातेदार यांचा थेट संबंध जुळला. यांत कुळाचा मोठा लाभ होता, कारण आकार तीस वर्षांपुरता ठरला. परंतु जमीन ही विकण्याची व गहाण टाकण्याची वस्तु झाल्यामुळें सावकारास नवें तारण मिळालें, आणि त्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकुमनाम्याची जोड मिळाली. लोकसंख्या वाढली, पडीत जमीन संपत आली, व जुनी स्थिति उलटली : आतां जमीन दुर्मिळ व हात पुष्कळ झाले.

या उलथापालथीचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें झाला. तेथून पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत जे दंगे पसरले, त्यांत लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरांतील कर्जरोख्यांवर होता. चौकशी झाली; पाठोपाठ इ. स. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला, व इ. स. १८७९ मध्यें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यायोगें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. परंतु सावकाराचा हात आंवळला म्हणजे कुळाची गरज नाहींशी होत नाहीं. पैसा कोठून तरी आणलाच पाहिजे. सर विल्यम वेडरबर्न यांनीं इ. स. १८८२ च्या सुमारास पुरंदर तालुक्यांत प्रयोगादाखल शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारनें ती उचलून धरली, परंतु विलायतेंतील स्टेट सेक्रेटरीची मंजुरी तिला मिळाली नाहीं.

पेढी राहिली, पण तगाईचे दोन कायदे झाले. इ. स. १८८३ चा १९ वा कायदा जमीनसुधारणेच्या कर्जाचा : विहीर, तलाव, बांध, पाण्याचा निचरा, जमिनीची मशागत यांसाठीं. इ. स. १८८४ चा १२ वा कायदा शेतकऱ्यांच्या कर्जाचा : संकटनिवारण, बियाणें, बैल व इतर शेतकी कामें यांसाठीं. जुन्या तगाईचीं दोन अंगें, म्हणजे टिकाऊ सुधारणा व हंगामी गरज, येथें दोन कायद्यांत विभागलीं गेलीं. वसुलीचा अधिकार मात्र सारखाच कडक ठेवला : थकलेली तगाई ही थकलेल्या साऱ्याप्रमाणें वसूल करावयाची. ज्या गांवांत अनेक कुळें मिळून कर्ज घेतील, तेथें त्यांच्या सामाईक जबाबदारीचीहि सोय ठेवली होती.

कायद्याचा उद्देश चांगला असूनहि त्याच्या पोटीं एक नवी अट आली. हप्ता बुडूं नये म्हणून तारण पाहिजे. तारण म्हणजे जमीन, व ती नसल्यास जामीन. महाराजांच्या पत्रांत कुवत हें तारण होतें. येथें तारण हीच कुवत ठरली. याचा परिणाम पहावयाचा तर पुन्हा प्रभावळीच्याच मुलुखाकडे वळावें. रत्नागिरी जिल्ह्यांत बहुतेक गांवें खोतीचीं होतीं. इ. स. १८८० च्या खोती कायद्यानें खोत व कुळें यांच्या परस्पर हक्कांची मांडणी केली, तरी अर्धेलीनें किंवा तिर्धेलीनें जमीन करणारें जें कूळ, त्याच्यापाशीं गहाण ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. जामीन पाहिजे तर तो बहुधा खोतच. म्हणजे ज्याच्या पकडींतून सुटण्यासाठीं तगाई हवी, त्याच्याच सहीवांचून ती मिळणें कठीण. नांगर ज्याच्या हातीं होता तो अर्जदार होऊं शकत नव्हता, व जो होऊं शकत होता त्याच्या हातीं नांगर नव्हता. खोती नष्ट करण्याचा कायदा इ. स. १९४९ मध्यें झाला, त्यापूर्वीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं इ. स. १९३७ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत त्याच हेतूचें बिल मांडलें होतें.

इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सर अँटनी मॅकडोनेल यांच्या अध्यक्षतेखालीं जें मंडळ बसलें, त्यानें इ. स. १९०१ च्या अहवालांत एक मार्मिक गोष्ट सांगितली. दुष्काळाचीं चिन्हें दिसतांच तगाई मोकळ्या हातानें व वेळेवर द्यावी, कारण तिचा मुख्य उपयोग लोकांचें मन खचूं न देणें हा आहे. उशीरां दिलेली मोठी मदत ही वेळेवर दिलेल्या लहान मदतीची बरोबरी करीत नाहीं. या मंडळाच्या सभासदांनीं शब्दाचा धात्वर्थ शोधला असो वा नसो, ते जेथें पोंचले तेथेंच तकावीचा मूळ अर्थ, बळ देणें, उभा होता.

६

विसाव्या शतकांत तगाईचें काम सहकारी संस्थांकडे सोंपविण्याचा प्रयत्न झाला. इ. स. १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या निघाल्या व इ. स. १९१२ च्या कायद्यानें त्यांचें क्षेत्र वाढलें. परंतु गोरवाला समितीनें इ. स. १९५४ मध्यें जो अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल सादर केला, त्यांत दिलेले आंकडे डोळे उघडणारे आहेत. इ. स. १९५१-५२ मध्यें शेतकऱ्यांनीं काढलेल्या एकंदर कर्जांत सरकारचा वांटा शेंकडा ३.३, सहकारी संस्थांचा शेंकडा ३.१, व धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून शेंकडा ६९.७ होता. १८८३ व १८८४ च्या कायद्यांस जवळजवळ सत्तर वर्षें होऊन गेल्यावरची ही स्थिति. कायदा होता, मंजुरी होती, कचेरी होती. परंतु शेतकऱ्याचें घरचें चाक सावकाराच्याच पैशावर फिरत होतें.

याच शतकांत दुसरी एक गोष्ट घडली, ती मदतीच्या इतिहासाच्या दृष्टीनें तितकीच महत्त्वाची आहे. इ. स. १९०३ च्या मुंबईच्या कायद्यानें जमिनीच्या हक्कांची नोंदवही सुरू झाली. पुढें गांवचा नमुना सात व नमुना बारा यांचा मिळून जो उतारा होतो, तो 'सातबारा' या नांवानें घरोघर ठाऊक झाला. सात नमुना हक्क सांगतो. बारा नमुना शेतांत पीक काय उभें आहे तें सांगतो. इ. स. १९४८ च्या कूळकायद्यानें व त्यांतील दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७ या 'कृषकदिना'नें पुष्कळ कुळें स्वतःच मालक झालीं, व त्यांचें नांव सातांत चढलें. ज्यांचें चढलें नाहीं, ते कागदाच्या दृष्टीनें शेतकरी राहिले नाहींत.

यानंतर मदतीचें रूपहि पालटलें. कर्ज माफ करणें व थेट पैसा देणें हे दोन मार्ग पुढें आले. महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०१७ मध्यें जी कर्जमाफी जाहीर केली, तिला छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव दिलें. तिची मर्यादा दीड लाख रुपयांची होती. केंद्र सरकारनें इ. स. २०१९ मध्यें प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही योजना सुरू केली. तिच्यांत शेतकरी कुटुंबास वर्षास ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत देण्याचें ठरलें. आरंभीं ती दोन हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांस होती. त्याच वर्षीं ती मर्यादा काढली गेली. इ. स. २०२३ मध्यें महाराष्ट्रानें तिच्या जोडीस तेवढ्याच रकमेची आपली योजना आणली.

या पद्धतीचे गुण नाकारतां येणार नाहींत. पाटील, मामलेदार, इजारदार, जामीन या मधल्या हातांची सांखळी तुटली. जी गळती महाराजांना १६७६ मध्यें भेडसावीत होती, ती रोखण्याचें एवढें प्रभावी साधन पूर्वीं कोणापाशींहि नव्हतें. परतफेडीचा प्रश्न नाहीं, म्हणून जप्तीचें भयहि नाहीं. परंतु पात्रतेची खूण मात्र कागदाचीच राहिली. योजना सुरू होतांना, १ फेब्रुवारी २०१९ या दिवशीं जमिनीच्या दप्तरांत नांव असणें ही मुख्य अट होती. म्हणून बटाईनें किंवा खंडानें दुसऱ्याचें रान कसणारा, ज्याचें स्वतःचें नांव सातांत नाहीं तो, या पैशास पात्र होत नाहीं. आणि मुंबई पुण्यास नोकरी करून गांवची जमीन दुसऱ्यास लावून देणारा, तो प्राप्तिकर भरणारा नसला व इतर वर्जित वर्गांत बसत नसला, म्हणजे पात्र ठरूं शकतो. ज्या घरांत जमीन बापाच्या किंवा नवऱ्याच्या नांवें आहे व नांगरणी, लावणी, निंदणी बाईच करते, तेथें घरास पैसा मिळतो खरा, पण दप्तराच्या दृष्टीनें शेतकरी दुसराच असतो.

७

आतां या सर्वांचा निष्कर्ष सांगतों. तगाईच्या इतिहासांत तीन कसोट्या एकामागून एक आलेल्या दिसतात. पहिली, शेत करण्याची कुवत. ती डोळ्यांनीं पाहून ठरवावयाची, म्हणून अधिकाऱ्यानें गांवांत जाणें तिला आवश्यक. दुसरी, तारण; ती कर्ज बुडूं नये म्हणून, व तिला जमीन किंवा जामीन आवश्यक. तिसरी, नोंद, ती जलद व सरसकट वाटपासाठीं, व तिला दप्तर आवश्यक. पहिली न्याय्य होती, पण ती अधिकाऱ्याच्या सचोटीवर सर्वस्वीं अवलंबून असे. दुसरी खजिन्यास सुरक्षित होती, पण अत्यंत गरजूस वगळीत असे. तिसरी स्वच्छ व शीघ्र आहे, पण दप्तर जितकें खरें तितकीच ती खरी. प्रत्येक कसोटी मागच्या कसोटीचा दोष घालविण्यासाठीं आली व स्वतःचा एक नवा दोष घेऊन आली.

म्हणून संशोधकांस आमची सूचना अशी कीं, जुन्या कागदांत तगाईचें कलम आढळतांच केवळ रक्कम टिपून थांबूं नये. ती कोणाच्या हातून गेली, कोणत्या शब्दांत कुळाचें वर्णन केलें आहे, तें मिरासदार होतें कीं उपरी, जामीन कोण होता, वाढ घेतली कीं मुद्दलच, आणि बाकीचें पुढें काय झालें, हीं सर्व अंगें टिपावीं. गांवच्या वसूलबाकींतील अशा एकेका कलमावरून त्या काळचें राज्य कोणास आपला शेतकरी समजत होतें हें कळूं शकतें. आणि जे आजच्या योजनांचे नियम लिहितात, त्यांनींहि प्रभावळीच्या सुभेदारास सांगितलेला तपास एकदां नजरेखालून घालावा. त्यांत सुभेदाराला पहावयास सांगितलेली पहिली वस्तु उतारा किंवा जामीन नव्हती. घरांतलीं माणसें व गोठ्यांतले बैल ही होती.